मृगातल्या तेजोमेघाचा गुलाबी रंग खरा की मी चढवलेला?

कोयनाकाठ:
पाटण तालुक्यातल्या माहेरी गेले होते. अमावस्येची रात्र, गच्चीवर मिट्ट काळोख. मृगाच्या पोटातल्या बाणाखाली जो धुरकट ठिपका दिसतो, त्या तेजोमेघाचे, म्हणजे एम ४२ या वायू आणि धुळीच्या ढगाचे, फोटो काढले. कॅनन ७००डी, ५५-२५० लेन्स १३५ वर, आयएसओ १६००, ताऱ्यांच्या चालीने कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर नाही, साधा ट्रायपॉड. प्रत्येकी २ सेकंदांच्या २४० फ्रेम. सिरिल या सॉफ्टवेअरमध्ये स्टॅक केल्यावर, म्हणजे सगळ्या फ्रेम एकावर एक रचून एकच फोटो केल्यावर, गुलाबी पाकळ्यांसारखा ढग वर आला आणि मी खुर्चीतून उठलेच.

सकाळी बाबांना दाखवला. त्यांनी रात्री माझ्या १०×५० दुर्बिणीतून तोच ढग बघितला होता. म्हणाले, ‘मला तर राखेच्या रंगाचा दिसला. हे गुलाबी तू भरलंस ना?’ मी सॅच्युरेशनची, म्हणजे रंग गडद करायची, पट्टी सरकवली होती, त्यामुळे छातीठोक ‘नाही’ म्हणता येईना. तेव्हापासून चैन नाही. हा रंग खरा किती आणि माझा किती?

शिवाय मधला भाग पांढरा फटक झालाय आणि तारे लांबट आलेत. त्यावर उपाय सांगाल का?

रात्रपाळी:
बाबांचे डोळे बरोबर आहेत आणि तुमचा कॅमेराही. अंधारात आपण डोळ्यातल्या दंडपेशींनी बघतो. त्यांना रंग कळत नाही, आणि तांबड्या प्रकाशाला तर त्या जवळजवळ आंधळ्याच. कॅमेऱ्याने मात्र तुमच्या फ्रेममध्ये मिळून ८ मिनिटांचा प्रकाश साठवला.

रंग कुठून येतो ते बाबांना असं सांगा. ढगाच्या मधोमध नव्याने जन्मलेल्या तप्त ताऱ्यांचा पुंजका आहे, ट्रॅपिझियम. त्यांच्या अतिनील प्रकाशाने हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटे होतात. ते परत अणूत येऊन खालच्या पातळ्यांवर उतरताना ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश सोडतात. ६५६.३ नॅनोमीटरची तांबडी रेषा त्यातली ठळक, तिच्यासोबत ४८६ ची निळसर, म्हणून दोन्ही मिळून गुलाबी. कडेला निळं दिसतं ती धूळ आहे. ती ताऱ्यांचा प्रकाश नुसता परावर्तित करते.

उलट तुमच्या फोटोत तांबडा कमीच पडला आहे. साध्या कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढच्या फिल्टरमधून ६५६ चा जेमतेम पाव हिस्सा आत येतो. पट्टी सरकवून तुम्ही रंग गडद केलात, तयार केला नाहीत. नसलेला रंग ब्रशने भरला असता तर मीही बाबांच्या बाजूने बोललो असतो.

सह्यकडा:
लांबट ताऱ्यांचं सांगतो. तारे लांबट होऊ नयेत म्हणून किती सेकंद ठेवायचे याचा ढोबळ नियम आहे: ५०० ला लेन्सचे १३५ गुणिले तुमच्या सेन्सरचा १.६ हा गुणक, याने भागलं की २.३ सेकंद येतात, त्या हिशोबाने तुम्ही २ ठेवले असणार. पण मृग खगोलीय विषुववृत्तावर आहे, तिथे तारे सगळ्यात वेगाने सरकतात. एक सेकंदावर या आणि फ्रेम ५००-६०० करा. दर दहा मिनिटांनी ढग पुन्हा मध्ये आणा. फोकस व्याधावर, लाइव्ह व्ह्यू दहापट करून लावा; तारा सगळ्यात बारीक झाला की रिंगला चिकटपट्टी मारा. लेन्सवर झाकण लावून त्याच एक्सपोजरच्या तीसेक काळ्या, म्हणजे डार्क फ्रेम घ्यायला विसरू नका; सेन्सरचे स्वतःचे डाग त्यांनी वजा होतात.

पांढऱ्या गाभ्यासाठी आयएसओ ४०० वर, पाव सेकंदाच्या वेगळ्या फ्रेम घ्या आणि नंतर दोन्ही जोडा. गाभा आणि पाकळ्या यांच्या तेजात इतका फरक आहे की एका एक्सपोजरमध्ये दोन्ही मावत नाहीत.

ट्रॅकर ध्रुवाच्या रोखाने लावावा लागतो, म्हणून तो घ्यायच्या आधी गच्चीवरून ध्रुव दिसतो का ते बघा. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून १७-१८ अंशच वर असतो, कोयनेच्या खोऱ्यात सहज डोंगराआड जातो. मृग मात्र आपल्याकडे छान उंच येतो.

जुनी वेधशाळा:
या ढगाचा पहिला फोटो हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० ला न्यूयॉर्क राज्यातून काढला, सुमारे ५० मिनिटांचं एक्सपोजर देऊन. आणि रंगाचा विषय निघालाच आहे तर पुण्याचं नाव घ्यायलाच हवं. कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभारणाऱ्या कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८९१ मध्ये तेजोमेघांच्या वर्णपटातल्या मुख्य रेषेवर लिहिलं होतं. ती रेषा म्हणजे ५००.७ नॅनोमीटरची हिरवी. त्या काळी ती कोणत्या मूलद्रव्याची हे कुणालाच माहीत नव्हतं. ती आयनीभूत ऑक्सिजनची आहे हे १९२० च्या दशकात आयरा बोवेन यांनी दाखवलं. मोठ्या दुर्बिणीतून बऱ्याच जणांना गाभा हिरवट दिसतो, तो हिच्यामुळेच. तेव्हा ताई, रंग खरे आहेत.

कोयनाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल जुन्याच फ्रेम पुन्हा स्टॅक केल्या, या वेळी सॅच्युरेशनला हात लावला नाही. गुलाबी आहेच, फिकट आहे. दोन्ही फोटो शेजारी ठेवून बाबांना दाखवले आणि रात्रपाळींनी सांगितलेलं तसंच्या तसं सांगितलं. ते बराच वेळ फिकट फोटोच बघत होते. मग म्हणाले, ‘मृग लागला म्हणून आम्ही जूनमध्ये पेरायला उतरतो, तेव्हा सूर्य याच्याच आसपास असतो ना? म्हणून हा कधी दिसला नाही.’ खरंच आहे ते.

ध्रुव उंबराच्या झाडाआड जातो, शेजारच्या टेकाडावरून दिसतो. पुढच्या अमावस्येला तिथून एका सेकंदाच्या ६०० आणि गाभ्याच्या वेगळ्या फ्रेम घेईन. फिकट आणि गडद, दोन्ही फोटो इथे टाकते.