मदत हवी आहे: संशोधकांना आपला वेगळा क्रमांक द्यावा की ऑर्किडच धरावं?

नमस्कार. बीड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. शनिवारी समितीची बैठक आहे आणि तिथं सगळ्यांच्या विरोधात बोलायची वेळ माझ्यावर येणार असं दिसतंय, म्हणून आधी इथं विचारते. ऑर्किड म्हणजे संशोधकाची ओळख पटवणारा, जगभर चालणारा क्रमांक.

आमच्याकडे तीन 'जाधव एस. बी.' आहेत. एक रसायनशास्त्राचे सर, एक मराठीच्या मॅडम आणि एक निवृत्त झालेले इतिहासाचे सर. गूगल स्कॉलरवर तिघांचेही लेख रसायनवाल्या सरांच्या नावावर चढलेत. ते म्हणतात, "मॅडम, बारवांवरचा माझा अभ्यास लई वाढायलाय." मराठीच्या मॅडमचं लग्नाआधीचं आडनाव वेगळं, त्यामुळे त्यांचे पहिले सात लेख कुणाचेच नाहीत. इंग्रजी स्पेलिंगचं तर विचारूच नका. जाधवच्या शेवटी कुणी व्ही लावतं, कुणी डब्ल्यू.

यावर समितीनं काढलेला तोडगा असा: मराठवाड्यातल्या संशोधकांची आपलीच खुली क्रमांकपद्धत करायची. नमुना ठरलाय 'मवा/उस्मा/इति/०४७'. विभाग, जिल्हा, विषय, अनुक्रमांक. दिसायला झकास. बैठकीत मीही मान डोलावली.

घरी आल्यावर मात्र 'उस्मा'पाशी अडले. उस्मानाबादचं धाराशिव झालंय की! औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. त्याआधी १९८१ ला जालना, १९८२ ला लातूर आणि १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला. १९८० साली कुणी ही पद्धत काढली असती, तर लातूरच्या माणसाच्या क्रमांकात आजही उस्मानाबाद राहिलं असतं. विद्यापीठाचं नाव टाकावं म्हटलं, तर १९९४ ला नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेडला वेगळं विद्यापीठही निघालं. शिवाय इतिहासाचा माणूस उद्या पुरातत्त्वात गेला तर?

ग्रंथालयात काम करणाऱ्यांना हे लगेच कळेल. वर्गांक पुस्तकाचा विषय सांगतो, दाखल क्रमांक, म्हणजे पुस्तक आलं त्या क्रमानं मिळालेला नंबर, काहीच सांगत नाही. म्हणून पुस्तक कोणत्याही कपाटात गेलं तरी दाखल क्रमांक तोच राहतो. माणसालाही दाखल क्रमांकच हवा, असं माझं मत झालंय.

ऑर्किड तसंच आहे. २०१२ च्या ऑक्टोबरपासून चालू, ना-नफा संस्था चालवते, संशोधकाला फुकट. चार-चारच्या गटात सोळा अंक, त्यात ना देश ना विषय. शेवटचा अंक तपासणीचा, म्हणजे आधीच्या पंधरांवरून काढलेला. त्यांच्या माहितीत जोसाया कार्बेरी नावाच्या काल्पनिक प्राध्यापकाचा नमुना क्रमांक असतो, ००००-०००२-१८२५-००९७. तो मी देवघेवीच्या चिठ्ठीमागं करून पाहिला. शून्यापासून सुरुवात, एकेक अंक मिळवायचा आणि आलेल्या बेरजेची दुप्पट करायची, असे पंधरा अंक. आले १३१४. अकरानं भागून बाकी ५, ती बारातून वजा केली की ७. जुळलं! उत्तर १० आलं तर शेवटी रोमन एक्स लिहितात. आमच्या ऑफिसात हा एक्स टायपिंगची चूक समजून शून्य केला गेला आणि एका सरांचा क्रमांक तीन महिने कुठल्याही फॉर्मवर चालेना.

तर मग अडचण कुठं आहे? नॅकच्या (महाविद्यालयांना श्रेणी देणारी संस्था) तपासणीआधी कॉम्प्युटर ऑपरेटरनं एका दुपारी त्रेचाळीस जणांची ऑर्किड खाती काढली. सगळ्यांना कॉलेजचा ईमेल, सगळ्यांना एकच पासवर्ड. पुढं कॉलेजच्या डोमेनचे पैसे भरायचे राहिले, ईमेल बंद पडले, पासवर्ड कुणीतरी बदललेले. निम्म्या लोकांनी वैतागून दुसरी खाती काढली. म्हणून समिती म्हणते, "ते ऑर्किड नकोच, आपलं आपण करू."

माझे प्रश्न: दोन-दोन क्रमांक झालेत ते एक कसे करायचे? आणि जे वारले त्यांचं काय? आमच्या नियतकालिकाच्या जुन्या अंकांत अशा अभ्यासकांचे कितीतरी लेख आहेत.

प्रतिसाद, नांदेडहून:
ताई, मुळात ऑपरेटरनं खाती काढायचीच नव्हती. ऑर्किड ज्याचं त्यानंच काढायचं असतं. आता जे खाते ठेवायचंय त्यात लॉगिन करा. सेटिंग्जमध्ये दुबार नोंद काढायची सोय आहे. तिथं दुसऱ्या खात्याचा ईमेल किंवा क्रमांक आणि पासवर्ड लागतो. जुना क्रमांक मरत नाही, उघडला की नव्याकडे नेतो. त्यामुळे छापून गेलेल्या लेखांची काळजी नको. पासवर्डच नसेल तर त्या त्या व्यक्तीनं त्यांच्या मदतकक्षाला लिहायचं. आणि प्रत्येकाला स्वतःचा खासगी ईमेलही जोडायला लावा, नाहीतर बदली झाली की पुन्हा हेच. मराठीच्या मॅडमना म्हणावं, इतर नावांच्या रकान्यात लग्नाआधीचं नाव घाला, देवनागरीतही घाला.

प्रतिसाद, परभणीहून:
वारलेल्यांसाठी ऑर्किड नाही. त्यांच्यासाठी आयएसएनआय बघा, म्हणजे लेखक-कलावंतांच्या नावांना मिळणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक, तोही सोळा अंकी. ऑर्किडचे क्रमांक त्यातल्याच राखून ठेवलेल्या पट्ट्यातले असल्यानं दोन्हींची टक्कर होत नाही. ते जमेपर्यंत विकिडेटावर (विकिपीडियाच्याच संस्थेचा खुला माहितीसाठा) नोंद करता येते. समितीला अगदीच हौस असेल तर करू द्या यादी, पण साधा चढता क्रमांक ठेवा आणि शेजारी ऑर्किड, आयएसएनआय, विकिडेटा असे रकाने करा. 'उस्मा' वगैरे नको, तुमचं बरोबर आहे.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. रकान्यांची कल्पना प्राचार्य सरांना पटेल, यादी केल्याचं समाधानही मिळेल. आज इतिहासाच्या जाधव सरांकडे जाऊन आले. वय अठ्ठ्याहत्तर, ईमेल नाही. "नंबरात गावाचं नाव नाही व्हय?" म्हणून थोडे नाराज झाले, पण तयार आहेत. नातवाच्या ईमेलवर काढलं तर चालेल का?

प्रतिसाद, नांदेडहून:
नातवाचा नको, उद्या त्यालाच स्वतःचं ऑर्किड काढायचं असेल. सरांच्या नावानं नवा ईमेल काढा, त्याला मोबाईल नंबरही सरांचाच जोडा. आणि पासवर्ड सरांच्या वहीत लिहा, तुमच्या नको.