कॅमेऱ्यामागची माणसं: तुमचं काम कुणाच्या भरवशावर चालतं?

सिनेमात काम करतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कुठल्या सिनेमात दिसलास? मी सहायक दिग्दर्शक आहे, पडद्यावर दिसायचा प्रश्नच येत नाही. आपल्यातले बरेच जण असेच पडद्यामागे राबणारे आहेत, म्हणून हे आवतण. आपापल्या खात्याचं काम सांगा, पण नुसती माहिती नको. तुमचं काम दुसऱ्या कोणत्या खात्यावर अडतं आणि कोण कुणाला सांभाळून घेतं, ते लिहा. माणसांची आणि कंपन्यांची नावं मात्र टाळूया.

सुरुवात मी करतो. सिनेमा गोष्टीच्या क्रमानं शूट होत नाही. वाड्यातले सगळे प्रसंग एकगठ्ठा, घाटावरचे एकगठ्ठा, मग नटांच्या तारखा, मग ऊन कुठून कधी येतं त्याचा हिशेब. नायिकेची पाठवणी पहिल्या आठवड्यात होते आणि तिचं बालपण तिसऱ्यात. हे सगळं बसवून आदल्या रात्री कॉलशीट काढायची: कुणी किती वाजता पोचायचं, मेकअपला कोण आधी बसणार, कोणती गाडी कुठून निघणार. वाई-भोरकडे शूटिंग असलं की सकाळचं कोवळं ऊन नदीकाठी फार थोडा वेळ टिकतं. त्या वेळेत कॅमेरा फिरायचा असेल तर हेअर ड्रेसर ताईंना पहाटे चारला उठावं लागतं. कागदावर ती एक ओळ असते, पण ती लिहिताना कुणाची झोप मोडतोय याचं भान सुटू द्यायचं नाही, असं मला माझ्या सीनियरनी शिकवलं.

कंटिन्युइटी, मुंबई

वरचं वाचून लिहायलाच बसले. सीन 42 मध्ये नायक दार उघडून बाहेर पडतो तो दिवस आणि सीन 43 मध्ये तोच माणूस रस्त्यावर येतो तो दिवस, यात तीन आठवडे गेलेले असतात. दार मुंबईच्या सेटवर, रस्ता साताऱ्यात. सदऱ्याची किती बटणं लावलेली होती, पिशवी कोणत्या खांद्यावर होती, कपाळावरचा घाम वाळला होता की ओला, हे सगळं माझ्या वहीत.

एकच उदाहरण देते. दोन माणसं चहा पीत बोलतायत, साधा प्रसंग. आधी दोघांचा मास्टर (अख्खा प्रसंग एकत्र), मग याचा क्लोज (जवळून चेहरा), मग तिचा. प्रत्येक टेकला कप पुन्हा भरायचा आणि कोणत्या शब्दावर उचलला, कोणत्या शब्दावर खाली ठेवला, ते टिपून ठेवायचं. 'आईला सांगितलंस का' मधल्या 'आईला'वर कप ओठाशी होता आणि क्लोजमध्ये तो टेबलावर असेल, तर संकलकाला तिथे कट मारता येत नाही. मग नटाचा सर्वांत चांगला टेक असूनही वापरता येत नाही. म्हणून मी टेकच्या मध्ये जाऊन नटाच्या कानाशी हळूच सांगते. मोठे कलाकार हे फार मनापासून ऐकतात. नवखे कधीकधी वैतागतात, पण डबिंगला स्वतःचं काम पाहिलं की त्यांनाही पटतं.

पूर्वी या कामासाठी पोलरॉइड फोटो काढायचे, आता मोबाइल आहे. फोटो कितीही काढा, वही लागतेच. हालचाल फोटोत येत नाही.

माझं काम सर्वांत जास्त ड्रेस दादांवर अवलंबून. त्यांनी प्रत्येक कपड्याला सीन नंबरची चिठ्ठी लावली नाही, तर माझी वही निरुपयोगी.

लाइटमन, गोरेगाव

आम्ही सगळ्यांच्या आधी येतो आणि शेवटी जातो. पॅकअप ऐकलं की बाकीचे गाडीत बसतात, आमची केबल गुंडाळणं तेव्हा सुरू होतं. तक्रार म्हणून सांगत नाही, काम आहे आमचं.

खिडकीतून ऊन आलेलं तुम्ही सिनेमात बघता, ते बऱ्याचदा ऊन नसतंच. बाहेर स्टँडवर मोठा एचएमआय (उन्हासारखा उजेड देणारा दिवा) असतो, पुढे उजेड मऊ करणारा स्किमर, बाजूला उजेड अडवणारा कटर, आणि स्टँड वाऱ्यानं पडू नये म्हणून बुडाशी वाळूच्या पिशव्या. खोलीत दुसऱ्या बाजूनं थर्माकोल धरून उजेड परतवायचा. खरं ऊन सरकत राहतं, एका संवादाचं शूटिंग तीन तास चालतं. प्रेक्षकाला तीन मिनिटंच वाटली पाहिजेत. म्हणून सूर्य आम्हीच एका जागी धरून ठेवतो.

पाऊस आला तर सगळ्यात आधी केबलचे जोड उचलायचे. रेन मशीनच्या सीनला तर मी स्वतः प्रत्येक जोड प्लॅस्टिकनं बांधतो आणि तो जमिनीवर राहू देत नाही. नट ओले, जमीन ओली, आणि मध्ये करंट. त्यात कुणावरही विसंबत नाही मी.

साउंडवाल्यांशी आमचं भांडण जुनं आहे, ते तेच सांगतील.

सिंक साउंड, पुणे

भांडण नाही हो दादा, जनरेटर लांब लावा एवढंच आमचं म्हणणं! तो लांब गेला की केबल वाढते आणि ती तुम्हालाच ओढावी लागते, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी लोकेशन बघायला गेलो की आधी गॅफरना (लाइट खात्याच्या प्रमुखांना) गाठतो आणि जागा दोघं मिळून ठरवतो. भिंतीआड, घराच्या मागे, वारा सेटवरून जिकडे वाहतो त्या बाजूला.

आपल्याकडे पुष्कळ वर्षं संवाद नंतर डबिंगमध्येच व्हायचे. कॅमेरे आवाज करायचे, जागाही गोंगाटाच्या. 2001 च्या 'लगान'नंतर सेटवरच आवाज घ्यायचं, म्हणजे सिंक साउंडचं, प्रमाण हळूहळू वाढलं. खेड्यातल्या मराठी सिनेमाला तर त्याचा मोठाच फायदा झाला, असं माझं ठाम मत आहे. माणदेशी बाई अंगणात बोलते तेव्हाचा श्वास आणि हेल स्टुडिओतल्या काचेआड उभं राहून तसाच्या तसा येत नाही.

घरात शूटिंग असलं की पंखे बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद केला की मी माझ्या गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवतो. फ्रिज पुन्हा चालू केल्याशिवाय मला घरीच जाता येत नाही, त्यामुळे त्या घरच्या माऊलीचं दूध नासत नाही. जगभरचे साउंडवाले हे करतात.

आणि एक विनंती सगळ्यांनाच. प्रसंग संपला की मी 'रूम टोन' म्हणून ओरडतो, तेव्हा अर्धा-एक मिनिट कुणी हलू नका. त्या खोलीची शांतता मला रेकॉर्ड करायची असते. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी. दोन संवादांच्या मधली फट भरायला तीच लागते, नाहीतर प्रत्येक कटला कानाला ठेच लागते. जेवणाची वेळ झालेली असते, स्पॉट दादांनी ताटं लावलेली असतात, तरी पन्नास-साठ माणसं श्वास रोखून उभी राहतात. मला दरवेळी त्यांच्याबद्दल कृतज्ञ वाटतं.

फोकस पुलर

थोडक्यात लिहितो. नट हलला तरी चित्र स्पष्ट ठेवणं हे माझं काम. 85 मिलिमीटरची लेन्स पूर्ण उघडली आणि नट दोन मीटरवर असला की चेहऱ्याचा स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा असतो. नट बोलता बोलता पुढे झुकला की मला त्याच क्षणी लेन्सचं फोकस फिरवावं लागतं. तो झुकल्याचं दिसल्यावर फिरवून उशीर होतो. झुकणार हे त्याच्या खांद्यावरून आधी कळायला लागतं. तालमीत मी संवाद पाठ करतो, नटाइतकाच.

अजून एक, आपल्या विजेशी संबंधित. आपला पुरवठा 50 हर्ट्‌झचा, सिनेमा सेकंदाला 24 फ्रेम. शटर (एका फ्रेमला किती वेळ उजेड मिळणार ते ठरवणारं) 180 अंशांवर ठेवलं तर जुन्या ट्यूबलाइटखाली चित्र फडफडायची भीती. 172.8 अंशांवर आणलं की प्रत्येक फ्रेम बरोबर सेकंदाचा पन्नासावा भाग उजेड घेते आणि फडफड जाते. सरकारी कचेरी किंवा शाळेत शूट असेल तर मी आधी ट्यूबकडे बघतो, मग कॅमेऱ्याकडे.

वेशभूषा, कोल्हापूर

आमच्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी 1983 साली भारताला पहिलं ऑस्कर मिळवून दिलं, तेही वेशभूषेसाठी. या कामाला घरून विरोध झाला तेव्हा मी हेच एक नाव पुढे केलं होतं.

लोकांना वाटतं आम्ही भरजरी शालू निवडतो. खरं कौशल्य जुन्या कपड्यात आहे. शेतमजुराचा सदरा दुकानातून नवाच येतो. तो धुऊन धुऊन मऊ करायचा, कॉलर आणि कोपर पॉलिश पेपरनं घासायचे, चहाच्या पाण्यात बुडवून पांढरेपणा मारायचा. घाम कुठे येतो, ओझं कोणत्या खांद्यावर असतं, मूल कडेवर कोणत्या बाजूला घेतात, त्याप्रमाणे कापड झिजवायचं. एका सिनेमात आजीच्या लुगड्याला मी डाव्या कुशीवर बारीक ठिगळ लावलं होतं, कारण ती चुलीशी डावीकडे टेकून बसते असं पटकथेत होतं. पडद्यावर ते दोन सेकंदही दिसलं नसेल. पण त्या ज्येष्ठ अभिनेत्रींनी लुगडं नेसताना ठिगळावरून हात फिरवला आणि शॉटमध्ये बरोबर त्याच बाजूला टेकल्या.

मारामारी, पाऊस, रक्त असलं की एकाच कपड्याचे तीन-चार जोड लागतात, आणि सगळे सारखेच झिजलेले. वर कंटिन्युइटी ताईंनी चिठ्ठ्यांचं लिहिलंय ते शंभर टक्के खरं. आणि साउंड दादा, लेपल माइक (कपड्यात लपवायचा छोटा माइक) लावायचा असेल तर कापड निवडतानाच सांगत जा. कडक रेशीम आणि खळीचं सुती प्रत्येक हालचालीला कुरकुरतं. आतून मऊ अस्तर लावता येतं, पण ते आदल्या दिवशी, शॉट लागल्यावर नाही.

कला विभाग

सेटवरची भिंत प्लायची असते हे सगळ्यांना माहीत असतं. ती उचलून बाजूला करता येते, हे कमी जणांना. खोली लहान दिसायला हवी पण कॅमेऱ्याला मागे जागा हवी, म्हणून चौथी भिंत आम्ही सुटी बांधतो. ती परत लावली की तिच्यावरचं कॅलेंडर त्याच खिळ्याला आणि त्याच महिन्यावर हवं.

मला इतिहासातली एक गोष्ट इथे आवर्जून सांगायची आहे. 1929 साली कोल्हापुरात सुरू होऊन 1933 मध्ये पुण्याला आलेल्या प्रभात फिल्म कंपनीत दामले ध्वनी बघायचे आणि फत्तेलाल कलादिग्दर्शन. पुढे या दोघांनी मिळून दिग्दर्शन केलं आणि त्यांच्या 'संत तुकाराम'चं व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवापर्यंत कौतुक झालं. म्हणजे मराठी सिनेमातलं एक शिखर आवाजवाल्यानं आणि सेटवाल्यानं उभं केलंय. प्रभातच्या त्याच आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

दुखणंही सांगतो. एका सिनेमाचा सेट आम्ही रात्री जागून उभारला, सिनेमा लागला, उतरला, तरी सुतारांचे आणि रंगाऱ्यांचे पैसे निर्मात्याकडून येईनात. मोठ्या नावांचे पैसे करारात हप्त्यानं ठरलेले असतात. रोजंदारीवरच्या माणसाकडे बहुतेकदा कागदच नसतो. आता मी माझ्या माणसांची हजेरी रोज प्रॉडक्शनकडून सही करून घेतो आणि सेट पाडायच्या आधी हिशेब मागतो. नवीन मुलांनी ही सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

प्रॉडक्शन मॅनेजर

सही मी देतो, दादा, आणि दिली पाहिजे. हजेरीचा कागद असला की निर्मात्याशी बोलताना माझाही हात बळकट होतो. बाकी माझं काम म्हणजे परवानग्या, गाड्या, खोल्या, जेवण. परवानग्यांसाठी राज्यात चित्रनगरीच्या महामंडळाची एक खिडकी योजना आहे, पण गावात सरपंचांना आणि देवळाच्या पुजाऱ्यांना स्वतः जाऊन भेटल्याशिवाय पुढे जाऊ नये. आरतीची वेळ आधी विचारली की साउंडचाही त्रास वाचतो.

फोले, मुंबई

तुम्ही सगळे पॅकअप करून घरी गेलात की आमचं काम सुरू होतं. पावलं, बांगड्या, कापड यांचे आवाज चित्र बघत स्टुडिओत पुन्हा करायचे, ते फोले. अंधाऱ्या खोलीत पडदा, समोर फरशी, माती, वाळू, लाकूड अशा पट्ट्या, आणि कोपऱ्यात चपला-बुटांचा ढीग. नायिका चालते तेव्हा तिच्या पायांकडे न बघता मी खांद्यांकडे बघते, वजन तिथे कळतं. ती रागात चालते की दमून, ते टाचेत यायला हवं. काचेच्या बांगड्या वेगळ्या, प्लॅस्टिकच्या वेगळ्या. कोल्हापुरी चपलेची करकर दुसऱ्या कशानं येत नाही, त्यासाठी मी घट्ट, न वापरलेला जोड जपून ठेवलाय.

सिंक साउंड असेल तर फोलेची गरज काय, असं बरेच जण विचारतात. सिनेमा हिंदीत किंवा तेलुगूत डब झाला की मराठी संवाद काढून टाकतात, आणि त्याच ट्रॅकवरची पावलं, भांडी, कापडाची सळसळ हेही सगळं जातं. म्हणून संवाद सोडून बाकी आवाजांचा वेगळा ट्रॅक द्यावा लागतो आणि त्यासाठी चित्रपटभर प्रत्येक पाऊल आम्ही पुन्हा टाकतो. वेशभूषावाल्या ताई, तुमच्या त्या आजीचं लुगडं सुती होतं की रेशमी, हे आम्हाला कुणी कळवत नाही. शूटिंग संपताना कपड्यांची यादी आमच्यापर्यंत आली तर सळसळ नेमकी त्याच कापडाची देता येईल. पुढच्या वेळी पाठवाल का?