कुंडीतला पुदिना आणि खान्देशातलं ऊन : तुमचे अनुभव लिहा

पुदिन्याच्या दोन काड्या खोचल्या की रान माजतं, असं सगळेच सांगतात. माझ्याकडे जळगावात तीनदा लावला, तिन्ही वेळा एप्रिलात काळा पडला. रोज दोन वेळा न चुकता पाणी घालत होते. ज्यांचा पुदिना मे काढतो त्यांनी लिहा. कुंडी कसली, माती कुठली, ठेवता कुठे. फसलेल्यांनीही लिहा, मला सोबत होईल.

भुसावळ
ताई, तुमचा पुदिना उन्हानं नाही, पाण्यानं गेला. माझाही तसाच गेला होता. शेतातली काळी माती आणून बादली भरली. वरून भेगा दिसायच्या म्हणून पाणी ओतायचो, खाली नुसता चिखल. उपटला तर मुळं तपकिरी आणि कुबट वास. आता काळी माती, वाळू आणि जुनं शेणखत सारखं घेतो. बोटाचं एक पेर आत कोरडं लागलं तरच पाणी. आमच्याकडे पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा सकाळी रोज द्यावंच लागतं. पण दुपारी पानं मान टाकतात तेव्हा धावू नका, माती ओली असेल तर संध्याकाळी आपोआप उभी राहतात. हे कळायला मला दोन उन्हाळे लागले.

अमळनेर
खोल कुंडी वाया जाते. मुळं वरवरची असतात, धुमारे आडवे धावतात. तेलाचा 15 किलोचा डबा आडवा कापला, खिळ्यानं भोकं पाडली. पत्रा तापतो म्हणून भोवती गोणपाट. एकदा कढीपत्त्याच्या कुंडीत लावला होता, तिथं कढीपत्ताच पाहुणा झाला.

चोपडा
कूलर रिकामा करताना उरलेलं पाणी पुदिन्याला घालायचे. वाटायचं, काटकसर. पानांच्या कडा करपल्या, मातीवर पांढरा थर. बोअरचं पाणी आधीच जड, कूलरमध्ये ते उडून क्षार तेवढे खाली उरतात. आता ते पाणी फरशी पुसायला.

शिरपूर
जुडीतल्या जाड काड्या घ्या, खालची पानं काढा, पाण्यात ठेवा, पाणी बदलत राहा. आठ-दहा दिवसांत मुळं. फार कोवळ्या कुजतात.

नंदुरबार
चटणीसाठी पानं खुडत बसू नका, शेंडाच कापा; खालून दोन फुटतात. फुलं येऊ देऊ नका. आणि पानांवर बारीक पांढरे ठिपके, खाली जाळी दिसली तर तो लाल कोळी, कोरड्या उन्हात हमखास. मी पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा जोराचा फवारा मारते, तीन-चार दिवसांनी परत. पान खायचंय, त्यामुळे औषध नकोच.

धुळे
सकाळचं ऊन, अकरानंतर सावली. हिरवी जाळी आणायची राहून गेली म्हणून गच्चीवर जुनी सुती साडी बांधली. आजी वर आली, पाहत राहिली, म्हणे, "आते पुदिनाले बी साडी?" पण मे निघाला. भरितात मात्र तो घालू देत नाही ती, ताकातच चालतो.

जळगाव (धागा काढणारी)
भुसावळच्या दादांचं वाचून आत्ता कुंडी उलटी केली. तळाचं भोक चिकटपट्टीनं बंद. गॅलरीत पाणी सांडतं म्हणून मीच लावली होती.