मदत हवी आहे: जानेवारीअखेर केदारकंठाच्या वाटेवर बर्फ कसा असतो?

नमस्कार मंडळी. मी फोंड्याचा. जानेवारीच्या शेवटी धाकट्या बहिणीबरोबर उत्तराखंडातल्या सांकरी गावाहून केदारकंठा शिखर करायचं ठरलंय. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले डोंगर भर पावसात फिरलोय, पण आमचा सोसोगड 1,166 मीटर आणि केदारकंठा 3,800 मीटरच्या आसपास. बर्फावर आम्ही दोघंही कधी चाललेलो नाही.

खरी धास्ती उतरायची आहे. शिखरासाठी पहाटे अंधारात निघतात, तेव्हा मळलेल्या वाटेवरचा बर्फ रात्रभर गोठून काचेसारखा झालेला असतो. परतताना उन्हाने तोच भुसभुशीत होतो. अशा मऊ बर्फात मायक्रोस्पाइक्सखाली (बुटांवर चढवायच्या छोट्या लोखंडी खिळ्यांखाली) बर्फाचे गोळे धरतात. मग ते काढावेत की ठेवावेत? गेटर्स (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायचं आवरण) सांकरीत भाड्याने धड मिळतात का? जाड मोज्यांसाठी बूट एक नंबर मोठे घ्यावेत का?

आणखी एक. बहिणीला दमा आहे. डॉक्टरांना दाखवणारच आहोत, पण इतक्या थंडीत इनहेलर नीट चालावा म्हणून तुम्ही तो कुठे ठेवलात? जॅकेटच्या आतल्या खिशात पुरतं का? रात्री स्लीपिंग बॅगेत घ्यायचा?

गेल्या एक-दोन हिवाळ्यांत जाऊन आलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. बूट याच आठवड्यात घ्यायचेत.