मदत हवी आहे: वॉर थंडरमध्ये झीरोच्या तोफा कशा वापरता?

मंडळी, वॉर थंडर या ऑनलाइन युद्ध-गेममध्ये सध्या दुसऱ्या महायुद्धातलं जपानी लढाऊ विमान झीरो, म्हणजे ए६एम२, उडवतोय. वळण्यात या विमानाला तोड नाही, अक्षरशः प्रेमात पडलोय! पण पंखांतल्या २० मिमीच्या दोन तोफांना प्रत्येकी ६०च गोळे, लगेच संपतात. मग नाकावरच्या ७.७ मिमीच्या मशीनगननी वाइल्डकॅटसारखं दणकट अमेरिकन विमान काही केल्या पडत नाही. त्यात ते सूर मारून निसटलं की पाठलाग अवघड, कारण वेग वाढला की झीरोचे एलेरॉन (विमान कुशीवर झुकवणाऱ्या पंखांवरच्या झडपा) जड होतात. (खऱ्या झीरोतही हाच दोष होता, अमेरिकन वैमानिकांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.)

तोफा आणि मशीनगनना वेगळी बटणं द्यावीत का? तोफांचा नेम (म्हणजे दोन्ही पंखांतले गोळे समोर जिथे एकत्र येतात ते अंतर) किती मीटरवर जुळवता? मी ३०० ठेवलाय. रिअलिस्टिक मोड खेळणाऱ्यांनी कृपया सांगा.