गाडीचाच ऑक्सिजन सेन्सर पुरतो की वाइडबँड हवाच?

विजापूर रोड
सरळच बोलतो. बीएस-6 बाइकला मोकळा सायलेन्सर आणि जाळीचा एअर फिल्टर बसवला की लगेच वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण नेमकं मोजणारा सेन्सर) किटच्या मागे धावायची गरज नाही. सेन्सर गाडीत आहेच. स्कॅनर लावून इंजिन चांगलं तापू द्या आणि लाँग टर्म ट्रिम बघा. +12 दिसलं म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सेन्सर बघून 12 टक्के जादा पेट्रोल देऊन सांभाळून घेतोय. मॅपच्या (पेट्रोलच्या आकड्यांचा तक्ता) त्या कप्प्यांत तेवढं वाढवा, शिकलेली ट्रिम पुसा, परत चालवून बघा. शून्याच्या आसपास आली की झालं काम.

फिलर गेज
निम्मंच काम झालं की राव! क्रूझिंगपुरतं (एकसारख्या वेगात) मान्य. पण हा सेन्सर नॅरोबँड आहे. 0.45 व्होल्टच्या खाली लीन (पेट्रोल कमी), वर रिच (पेट्रोल जास्त), एवढंच त्याला कळतं. फुल थ्रॉटलला लॅम्डा (1 म्हणजे समतोल, त्याखाली रिच) 0.86 ते 0.90 लागतो. तिथं तो 0.8-0.9 व्होल्टवर जाऊन बसतो. 0.80 आहे की 0.90, ते त्यावरून सांगता येत नाही, कारण त्या पट्ट्यात व्होल्टेज सेन्सरच्या तापमानानंही हलतं. आणि लीनमुळे पिस्टन जायचा तो तिथंच जातो. मे महिन्यात, 43 डिग्रीत, मोहोळपर्यंत मूठ पिळून गाडी ताणली की.

विजापूर रोड
बरेच ईसीयू लाँग टर्म ट्रिम ओपन लूपमध्येही (सेन्सरकडे न बघता पेट्रोल देताना) लावतात, हे विसरताय. शिवाय वाइडबँडला 18 मिमीचा बंग (सेन्सर बसवायची आट्यांची रिंग) लागतो, गाडीच्या सेन्सरचं भोक बहुधा 12 चं. चांगला बेंड पाइप कापून वेल्डिंग कोण करणार?

फिलर गेज
लावतात, पण तो अर्ध्या थ्रॉटलवरून पूर्ण थ्रॉटलचा बांधलेला अंदाज. फिल्टर बदलल्यावर हवा सगळ्या आरपीएमला सारख्याच टक्क्यांनी वाढते होय?

वेल्डिंग एकदाच करायचं, मग बोल्ट लावून बंद. बंग कॅटच्या (धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) आधी, आणि सेन्सरचं तोंड खाली राहील असा, आडव्या रेषेपेक्षा किमान 10 अंश वर. नाहीतर पाइपात साचलेलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर उडतं आणि सेन्सर तडकतो. हीटर इंजिन सुरू झाल्यावरच चालू करा. उलटही लक्षात ठेवा: हीटर बंद ठेवून सेन्सर पाइपात फिरवला तर काजळी धरून तो वाया जातो.

लॉग (चालवतानाची नोंद) घेतला की हिशेब सोपा. कप्प्यात 62 आहे, मोजलेला लॅम्डा 0.96, पाहिजे 0.88. 62 × 0.96 ÷ 0.88 = 67.6. एका दमात सगळं भरू नका, निम्मं भरा आणि पुन्हा लॉग घ्या.

कोरा प्लग
दोघंही आकड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवताय. सेन्सर पेट्रोल मोजत नाही, उरलेला ऑक्सिजन मोजतो. मिसफायर झाला तर न जळलेली हवा पुढे येते आणि सेन्सर म्हणतो लीन. तुम्ही पेट्रोल वाढवता, मिसफायर आणखी वाढतो. सायलेन्सरचं गॅस्केट फुंकत असलं तरी तेच. एक्झॉस्ट पोर्टमध्ये हवा सोडणारा व्हॉल्व्ह असेल तर ट्यूनिंगपुरती त्याची नळी बंद करा. आखूड पाइपात आयडलला बाहेरची हवा उलटी आत येते, तिथला आकडा सोडूनच द्या. मूठ सोडल्यावर पेट्रोल कट होतं, त्या ओळीही लॉगमधून काढा.

आणि इ20 (20 टक्के इथेनॉल) पेट्रोलवर 14.7 (एक भाग पेट्रोलला हवेचे भाग) धरून बसू नका, तिथं समतोल साधारण 13.5 ला येतो. पेट्रोलच्या स्केलचा मीटर तेव्हाही 14.7 च दाखवतो. म्हणून लॅम्डातच वाचा, वाद मिटतो.

विजापूर रोड
गॅस्केटचं पटलं. ते न बघता ट्रिमवर विसंबणं चूकच. फुल थ्रॉटलला वाइडबँड, हेही कबूल. पण क्रूझिंगला क्लोज्ड लूप (सेन्सर बघून पेट्रोल कमी-जास्त करणं) बंद करून सगळं हातानं भरा म्हणाल तर नाही.

फिलर गेज
कायमचा बंद करा कोण म्हणालं? पण पिगीबॅकनं (ईसीयूला जोडायची वेगळी पेटी) त्या भागात पेट्रोल वाढवलंत तर ईसीयू ट्रिममधून ते हळूहळू काढून घेतो, दोन दिवसांत गाडी मूळपदावर. त्या कप्प्यांना हातच लावू नका. पिगीबॅकमध्ये 70 टक्के थ्रॉटलच्या वरचेच भरा.

कोरा प्लग
70 हा आकडा सगळ्या गाड्यांना नाही. ओपन लूप कुठं सुरू होतो ते स्कॅनरवरच दिसतं, आधी ते बघा.