वॉरंट नसलं की जप्ती बेकायदा?

नदीपात्र: काल एकाने टाकलंय, "वॉरंट नसेल तर वाळूची गाडी धरणारा महसूलवाला लुटारूच, किल्ली देऊ नका." खाली नुसत्या टाळ्या. हे ऐकून ट्रॅक्टरवाला पथकाच्या अंगावर जातो आणि सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा फुकट ओढवून घेतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 48(8) काढा: जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला, तहसीलदाराहून कमी दर्जा नसलेला अधिकारी वाळू, यंत्र, गाडी जप्त करू शकतो. वॉरंटची अट कुठाय?

सातबारावाला: तुमचंच वाक्य पुन्हा वाचा. तहसीलदाराहून कमी नको. रात्री 2 ला पात्रात कोण असतं? तलाठी आणि कोतवाल. साहेब सकाळी 11 ला कचेरीत सही ठोकतात, पंचनाम्यावर वेळ मात्र 2:15. पंच कोण, तर कचेरीचा शिपाई आणि जीपचा ड्रायव्हर. टिकतंय का हे?

नदीपात्र: नाही टिकत. पण ते दर्जामुळे आणि पंचांमुळे, वॉरंटमुळे नव्हे. शिवाय 48 तासांत गाडी उपजिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे हजर करावी लागते, तेही अनेकदा राहून जातं. सोडवायची तर दंड (ट्रॅक्टरला 1 लाख) आणि जातमुचलका.

टेपपट्टी: दर्जा-बिर्जा जाऊ द्या. केस मरते ती "अंदाजे 3 ब्रास" असं लिहिल्याने. 14 बाय 7 चा हौदा, 3 फूट भरलेला, म्हणजे 294 घनफूट, 100 घनफुटांचा ब्रास धरून 2.94 ब्रास. पंचांसमोर टेप लावा, चार कोपऱ्यांत आणि मध्ये खोली घ्या, सरासरी लिहा. पाच मिनिटांचं काम!

चाळणी: आणि ओलावा? 5 टक्के ओलसर वाळू फुगून पाव हिश्शाने जास्त भरते. पात्रातून नुकती उपसलेली, पाणी गळणारी वाळू तेवढी फुगत नाही. म्हणजे रात्री पात्रात मोजली आणि दोन दिवसांनी आवारात मोजली, तर आकडे जुळणारच नाहीत. वाळूचा दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत, मग अर्ध्या ब्रासचा फरक म्हणजे गंमत वाटते का?

टेपपट्टी: मग काट्यावर न्या. कोरडी ब्रासभर वाळू साडेचार टनांच्या आसपास भरते.

चाळणी: वा! म्हणजे पाण्यावरही पाचपट दंड. वजनाबरोबर ओलाव्याचा नमुना कोण घेणार, तुमचा कोतवाल?

टेपपट्टी: तुम्ही नक्की कुणाच्या बाजूचे? वाळूवाल्यांचे वकील दिसता.

नदीपात्र: अहो, धागा वॉरंटचा आहे! मोजमापाचा वेगळा काढा.

सातबारावाला: वॉरंटचंच सांगतो. साठा गोदामात दडवला असेल तर 48(8) दाखवून दार उघडायला लावू नका. खाण आणि खनिज अधिनियम 1957 चं 23ब बघा: शासनाने अधिकार दिलेला राजपत्रित अधिकारी, खनिज दडवल्याचं मानायला सबळ कारण, आणि झडती फौजदारी प्रक्रियेनुसार. जुनं कलम 100, आता नागरिक सुरक्षा संहितेचं 103. परिसरातले दोन प्रतिष्ठित पंच, जागेच्या ताबेदाराला हजर राहू देणं, वस्तूंची यादी आणि तिची प्रत. मोबाइलवर शूटिंगही घ्याच. शूटिंगचं त्याच संहितेतलं कलम 105 पोलिसांपुरतंच, असा वाद घालत बसण्यापेक्षा स्वस्त पडतं.

नदीपात्र: म्हणजे झडतीलाही वॉरंट नाहीच.

सातबारावाला: नाही. घ्या, जिंकलात. वॉरंट लागत नाही, तहसीलदार लागतो. आता रात्री 2 ला पात्रात तो आणून दाखवा.